दोन वर्षांचं मूल बोलत नाही? आधी कान तपासा

‘मुलगे उशिराच बोलतात’ म्हणून वाट बघत बसू नका. दोन वर्षांच्या मुलाकडे साधारण 50 शब्द आणि ‘दूध दे’, ‘बाबा आले’ अशा जोड्या हव्यात. नसतील तर आधी श्रवण चाचणी. दार आपटल्यावर दचकणाऱ्या मुलालाही ‘स’, ‘फ’सारखे बारीक आवाज ऐकू येत नसतील, कानाच्या पडद्यामागे पाणी साचलं तरी असं होतं. मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत ही तपासणी होते.

मराठी सोडून फक्त इंग्रजी बोला, हा सल्ला मुळीच मानू नका. दोन भाषांमुळे भाषादोष होत नाही. मूल ‘गाडी’ म्हणालं, की ‘लाल गाडी आली’ म्हणा आणि पाचेक सेकंद थांबा. ‘म्हण, म्हण’ करून वदवून घेतलं की मूल उलट गप्प होतं.