आकृती 4.7 मधली चूक

शाळेच्या पुस्तकांसाठी आकृत्या काढणं हे माझं पोटापाण्याचं काम. बेडकाचं हृदय, पानाचा छेद, जलचक्र, असलं काय काय. काही वर्षांपूर्वी एका जीवशास्त्राच्या पुस्तकासाठी 'गर्भाशयातील गर्भ' अशी आकृती काढली होती. आकृती 4.7. बाळ झकास जमलं होतं. गुडघे पोटाशी, अंगठा तोंडाजवळ. नाळ तर मी मोठ्या हौसेनं पीळ देऊन काढली होती. नाळेच्या दुसऱ्या टोकाला करड्या रंगाचा एक चपटा डाग, त्याला बाण, बाणापुढे शब्द 'अपरा'. आणि गर्भाशयाच्या भिंतीतून एक लाल नळी निघून, त्या डागातून आरपार, नाळेतून थेट बाळाच्या बेंबीत. गच्चीवरच्या टाकीतून न्हाणीत पाइप यावा, तशी.

ती चूक होती. पुस्तक तपासणाऱ्या तिघांच्या नजरेखालून गेली, कुणाला खटकली नाही. मलाही नाही, स्वतः गरोदर राहीपर्यंत.

अपरा हा पुस्तकातला शब्द. बोलताना आपण म्हणतो वार. आठवड्याचा नव्हे, तलवारीचाही नव्हे, ती वार. भाषेनंही तिला कसं वागवलंय बघा. नाळ मातीशी जुळते, माणसांशी जोडलेली राहते, कधी तुटते, त्यावर भाषणं होतात. वार बिचारी नुसती पडते.

माझी तिची पहिली गाठ पडली ती चाचणीच्या पट्टीवर, पण तेव्हा मला ते कळलं नव्हतं. दोन रेषा उमटल्या आणि मी नवऱ्याला म्हटलं, "बाळानं निरोप पाठवला." निरोप खरं तर वारेचा होता. बीजांड फलित होतं गर्भनलिकेत. पाच दिवसांत त्याचा पेशींचा एक पोकळ गोळा होतो, टाचणीच्या टोकाहून लहान. त्याच्या आतल्या बाजूला पेशींचा जो पुंजका असतो, त्याचं पुढे बाळ होतं. बाहेरच्या वेष्टणाची वार होते. म्हणजे कोण बाळ होणार आणि कोण वार होणार ही वाटणी गर्भाशयात रुजण्याच्याही आधी झालेली असते. साधारण सहाव्या-सातव्या दिवशी ते वेष्टण भिंतीत शिरायला लागतं आणि एचसीजी नावाचं संप्रेरक सोडतं. बीजकोशाला त्याचा सांगावा एवढाच: प्रोजेस्टेरॉन बंद करू नकोस, पाळी येऊ देऊ नकोस. पट्टी तेवढंच पकडते.

पहिल्या सोनोग्राफीला मी सहा आठवडे आणि काही दिवसांची गरोदर होते. हा हिशेब शेवटच्या पाळीपासूनचा, त्यामुळे गर्भाचं खरं वय दोन आठवड्यांनी कमी. पडद्यावर जेमतेम पाच मिलिमीटरचा ठिपका आणि त्यात काहीतरी लुकलुकत होतं. हृदय बाविसाव्या दिवसाच्या आसपासच धडधडायला लागतं. मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीतून तयार होतात ती अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत मिटलेली असते. फॉलिक अ‍ॅसिडची गोळी गर्भ राहण्याआधीपासून घ्या म्हणतात ती याचसाठी. बातमी कळून गोळी आणेपर्यंत तो दरवाजा बंद होत आलेला असतो.

मी मात्र त्या लुकलुकीचं कौतुक करायच्या अवस्थेत नव्हते. उमाशांनी जीव नको केला होता. पेन्सिलीच्या लाकडाचा वास सहन होईना, म्हणजे कामच थांबलं. याच्याही मागे वार बाईसाहेब आहेत हे नंतर वाचलं. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात जीडीएफ15 या संप्रेरकाकडे बोट दाखवलं आहे. गरोदरपणात ते मुख्यतः वारेतून आईच्या रक्तात येतं आणि मेंदूतल्या मळमळीच्या केंद्रावर काम करतं. ज्या बायकांच्या अंगात ते आधीपासून कमी असतं, त्यांना या अचानक भरतीचा त्रास जास्त. "सगळं मनाचं असतं गं" असं मला जे जे म्हणाले, त्यांना हा परिच्छेद अर्पण.

विसाव्या आठवड्यात डॉक्टर पडद्याकडे बघत म्हणाल्या, "बाळ उत्तम आहे. वार जरा खाली आहे."

"खाली म्हणजे?"

"गर्भाशयाच्या मुखापासून तिची कड दोन सेंटिमीटरच्या आत आहे. घाबरू नका, बहुतेकींची वर जाते. बत्तिसाव्या आठवड्यात परत बघू. मधे रक्त दिसलं तर मात्र रात्र-दिवस बघायचं नाही, सरळ निघून यायचं."

'घाबरू नका' ऐकून कोण घाबरायचं थांबलंय? घरी आल्यावर माझीच जुनी आकृती उघडून बसले. करडा डाग. तो खाली कसा सरकतो, वर कसा चढतो, काही कळेना. तेव्हा वाचायला सुरुवात केली, आणि पुढचे तीन महिने तेच व्यसन.

वार चढत-बिढत नाही, हे आधी समजलं. ती रुजलेली असते तिथेच असते. वाढतं ते गर्भाशय, आणि शेवटच्या महिन्यांत त्याचा खालचा भाग विशेष ताणला जातो. त्या ताणाबरोबर वारेची कड मुखापासून लांब जाते. फुगा फुगवताना त्यावरची टिकली दूर जाते तसं.

मग कळली ती लाल नळीची चूक. आईचं रक्त बाळात जातच नाही. अठराव्या शतकात विल्यम आणि जॉन हंटर या शरीरशास्त्रज्ञ भावांनी रक्तवाहिन्यांत रंगीत मेण भरून हे दाखवलं होतं. आईकडून भरलेलं मेण बाळाच्या वाहिन्यांत उतरत नाही. सव्वादोनशे वर्षं उलटून गेल्यावर मी त्यात पाइप टाकून मोकळी झाले होते. (एक दिलासा: लिओनार्दो दा विंचीनंही माणसाच्या बाळाला गायीची वार काढली होती. इतक्या मोठ्या माणसाबरोबर एका चुकीत बसायला मिळालं.)

खरी रचना अशी. बाळाच्या बाजूनं वारेत झाडाच्या मुळांसारखे फाटे फुटतात आणि त्या मुळांच्या आत बाळाच्या केशवाहिन्या असतात. आईच्या रोहिण्या भिंतीत उघड्या पडून त्या मुळांवर रक्ताचा फवारा सोडतात. मुळं आईच्या रक्तात बुडालेली, पण रक्तात रक्त नाही. मधे एक पातळ पडदा. ऑक्सिजन, साखर, पाणी, क्षार इकडून तिकडे. कार्बन डायॉक्साइड आणि युरिया तिकडून इकडे. सगळ्या मुळांची साल पसरली तर दहा-बारा चौरस मीटर भरते, म्हणजे एका खोलीची फरशी. आणि गंमत म्हणजे पहिले दहा-बारा आठवडे आईच्या रक्ताचा हा फवारा नीट सुरूही नसतो. वारेच्याच पेशी त्या रोहिण्यांच्या तोंडाशी बुचासारख्या बसलेल्या असतात. बाळाचे अवयव घडत असताना जास्त ऑक्सिजन घातक, म्हणून गर्भाशयाच्या ग्रंथींच्या पाझरावर तेवढे दिवस निघतात.

त्या पडद्यापाशी मी बरेच दिवस अडकले. त्याचा बाहेरचा थर पेशी-पेशींचा नसतोच. असंख्य पेशी एकमेकींत विरघळून एकच अखंड साय झालेली असते, मधे कुठे सांधा नाही. हे विरघळणं ज्या प्रथिनामुळे जमतं त्याचं जनुक मुळात एका विषाणूचं. कोट्यवधी वर्षांपूर्वी आपल्या पूर्वजांच्या अंगात शिरून तिथेच राहिलेला पाहुणा. हे 2000 साली उघडकीला आलं.

दुसऱ्या एका गोष्टीवर नवरा खूश झाला. 1984 साली उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं, की दोन्ही संच बापाच्याच जनुकांचे दिले तर वारेचे थर बरे वाढतात, गर्भ खुरटतो. दोन्ही आईचे दिले तर उलट. "म्हणजे एवढे दिवस तुला खाली दुखवतोय तो माझा हातभार," तो म्हणाला. मी उशी फेकली.

हा पडदा म्हणजे भिंत, असा समज बराच काळ होता. 1941 मध्ये ऑस्ट्रेलियात नॉर्मन ग्रेग या नेत्रतज्ज्ञांनी मोतीबिंदू घेऊन जन्मलेल्या बाळांच्या आयांना गरोदरपणी रुबेला झाला होता हे दाखवलं. थॅलिडोमाइड हे औषध तर 1961 मध्ये बाजारातून काढेपर्यंत हजारो बाळांचे हातपाय घेऊन गेलं. दारू पार होते, निकोटिन पार होतं. रक्त गोठू न देणारं हेपॅरिन नाही होत. आईची रोगांशी लढणारी आयजीजी प्रतिद्रव्यं तर वार स्वतः धरून पलीकडे पोचवते, मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत.

बत्तिसाव्या आठवड्यात कड साडेतीन सेंटिमीटरवर गेली होती. रक्त दिसलं नाही. तेवढंच सांगते, कारण त्या बारा आठवड्यांत बाथरूममध्ये दर वेळी खाली बघताना काय वाटायचं ते लिहायला गेले की हात थांबतो.

लेक झाली पहाटे. छातीवर ठेवली. नाळ लगेच कापली नाही. मी बोटांत धरली तेव्हा आत ठोका लागत होता, ओल्या दोरीत कुणीतरी बोलावं तसा. मग कापली. दहाएक मिनिटांनी पुन्हा एक कळ, आणि काहीतरी उबदार, मऊ निसटून गेलं. वार पडली.

"सिस्टर, मला बघायचीय."

"बाळ बघा की ताई."

"बाळ बघितलं. ती दाखवा."

त्यांनी स्टीलचा ट्रे जवळ आणला. हातमोज्यांच्या बोटांनी ती पसरली. जेवणाच्या ताटाहून थोडी लहान. बाळाच्या बाजूनं करडी-निळसर, चकचकीत, नाळेपासून चहूकडे फुगलेल्या शिरा. मग उलटी केली. ही आईची बाजू: काळपट लाल, ओबडधोबड, पंधरा-वीस उंचवटे एकमेकांना खेटून. लोखंडाचा वास. सिस्टर ते उंचवटे जुळवून बघत होत्या. "एखादा तुकडा आत राहिला तर रक्त थांबत नाही," त्या हात न थांबवता म्हणाल्या. नाळेचं कापलेलं तोंड माझ्याकडे वळवून दाखवलं. तीन भोकं. एक मोठं, दोन लहान. "मोठी ती नीला, शुद्ध रक्त तिच्यातून येतं." इतर ठिकाणी मी नीला निळी रंगवते. इथे लाल हवी. आकृतीत नाळेतली नीलाही मी निळीच रंगवली होती, म्हणजे दुसरीही चूक होती.

वजन केलं. 510 ग्रॅम. मग त्यांनी ट्रे झाकला.

गेल्या महिन्यात त्या पुस्तकाची नवी आवृत्ती निघायची होती. मी न विचारता 4.7 नव्यानं काढून पाठवली. बाळ तेच ठेवलं. वार मोठी केली, मुळांचा एक भाग शेजारच्या वर्तुळात वाढवून दाखवला, नीला लाल केली. दुसऱ्या दिवशी संपादकांचा फोन आला.

"आकृती सुंदर आहे, पण आईचं रक्त आणि बाळाचं रक्त यांच्यामधे एक रेघ सुटलीय बघा. नळ्या जोडल्या गेल्या नाहीत."

"त्या जोडायच्या नाहीत सर," मी म्हटलं. मांडीवरची जागी झाली होती, म्हणून हळू आवाजात.