घरातल्याच सामानाचं सॅलड, वरून कडक भाकरी

मे महिन्यात सोलापुरात दुपारी बारानंतर मंडईत जायचा विषयच नाही. पारा 42-43 ला जाऊन बसलेला, ऊन नुसतं तापायलंय, गॅससमोर उभं राहवत नाही आणि गरम आमटी-भात बघूनच भूक मरते. अशा दिवसांत आमच्याकडे दुपारी सॅलड होतं, आणि सॅलड म्हटलं की लेट्यूस, ब्रोकोली, ऑलिव्ह ऑइल असलं काहीतरी आणावं लागतं असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी मुद्दाम लिहितेय. आपल्या सोलापुरी घरात याचं सामान असतंच.

फ्रीज उघडायचा आणि जे दिसेल ते काढायचं. दोन काकड्या, एक कांदा, गाजर असलं तर गाजर, टोमॅटो, अर्धी कैरी, कोथिंबीर. उन्हाळ्यात लिंबू महाग होतं, त्यामुळे आंबटपणाला कैरीच बरी, आणि तिचा करकरीतपणा लिंबात कुठला यायला! मोड आलेली मटकी असली तर सोन्याहून पिवळं. रात्री भिजत घालायची, सकाळी कापडात बांधून ठेवायची, या उकाड्यात संध्याकाळपर्यंत मोड डोकावतातच. कच्ची सोसत नसेल तर एक वाफ द्या, पण पार मऊ करू नका.

काकडी आधी चाखून बघायची, कडू निघाली तर सगळ्याची चव जाते. किसू मात्र नका प्लीज. किसली की पाणीच पाणी. हातात उभी धरून सुरीने बारीक बारीक उभे घाव घालायचे आणि मग वरून कापत जायचं, म्हणजे काकडी चोचवायची, आमच्या घरी आजीपासून हीच पद्धत आहे. तुकडे लहानमोठे पडतात पण दाताखाली लागतात. कांदा उग्र असला तर चिरून थोडा वेळ गार पाण्यात ठेवा, मग घट्ट पिळून घ्या.

आता मेन गोष्ट, शेंगाची चटणी. ड्रेसिंग म्हणून दुसरं काही लागतच नाही. शेंगदाणे, लसूण, लाल तिखट, जिरं, मीठ असं उखळात कुटून तेल सुटलेली ती चटणी काकडीच्या पाण्यात कालवली की आपोआप दाटसर होते आणि प्रत्येक तुकड्याला धरून बसते. चारजणांना दोन मोठे चमचे पुरतात. चटणीत मीठ असतंच, म्हणून वरून घालताना हात आखडताच ठेवा आणि तेसुद्धा पानं वाढल्यावरच, कारण मिठाने भाजीतलं पाणी बाहेर येतं आणि दहा मिनिटांत सगळं लिबलिबीत होऊन जातं. लहान मुलांना तिखट लागत असेल तर त्यांच्या वाटीत चमचाभर दही घाला.

आणि सगळ्यात शेवटी डब्यातली कडक भाकरी! ज्वारीची असो नाहीतर बाजरीची, हाताने चुरायची, पण पूड नको, नखाएवढे तुकडे राहिले पाहिजेत. मंगळवेढ्याच्या ज्वारीची असली तर काय बोलायचं, जीआय टॅग (म्हणजे त्या भागाची खासियत म्हणून सरकारी ओळख) काय उगाच नाही मिळाला तिला. हे तुकडे खालच्या बाजूने रस पितात आणि वरून कुरकुरीतच राहतात, तो जो घास लागतो ना त्यासाठी मी हे सॅलड करते, खरंच. पोटही भरतं, वेगळी भाकरी थापत बसायला नको. घरात डाळिंब असलं तर मूठभर दाणे टाका, तिखटात मधेच गोड दाणा फुटला की फार छान वाटतं.

भाकरी लागेल तेवढीच ज्याच्या त्याच्या ताटात चुरा, सगळ्या पातेल्यात नको. मग उरलेली भाजी तशीच झाकून फ्रीजमध्ये ठेवता येते, रात्री त्यात दही घालायचं, वरून हिंग-मोहरी-कढीपत्त्याची फोडणी द्यायची आणि खिचडीबरोबर कोशिंबीर तयार.