पिशवीतली चिंगी

चिंगीला सगळं जग दाखवायचं होतं, पण तिचे पाय जमिनीला लागू द्यायचे नव्हते. पार्व्होची (कुत्र्याच्या पिल्लांना होणारा जीवघेणा संसर्ग) भीती, आणि लशीचा एकच डोस झालेला. शेवटी आईची भाजीची कापडी पिशवी कामाला आली. ८ आठवड्यांचं पिल्लू आत, बाहेर फक्त डोकं आणि दोन कान. एक उभा, दुसऱ्याचं अजून काही ठरलेलं नाही.

आधीच्या मोतीच्या वेळी आम्ही शहाणपणा केला होता. सगळ्या लशी होईपर्यंत त्याला उंबरा ओलांडू दिला नाही. ४ महिन्यांचा झाल्यावर खाली नेला, तर समोरून आलेली सायकल बघून त्याने पोट जमिनीला टेकलं. ते पुढे जन्मभर, जरा खुट्ट झालं की टेकायचंच. दिवाळीत तो मोरीत, आणि त्याच्या सोबतीला घरातलं कुणीतरी आळीपाळीने मोरीत.

पिल्लांचं मन सगळ्यात मोकळं असतं ते साधारण ३ ते १२-१४ आठवड्यांत. अमेरिकेतल्या मेन राज्यात झालेला एक प्रयोग १९६१ साली छापून आला. त्यात १४ आठवडे माणसांचा सहवास न मिळालेली पिल्लं जवळजवळ रानटी निघाली होती. ते वाचलं आणि मोतीचं ते पोट डोळ्यांसमोर आलं.

म्हणून पिशवी. रोज थोडं थोडं: भंगारवाल्याचा भोंगा, वॉचमनची शिट्टी, हेल्मेटवाला, काठी टेकत येणारे आजोबा. पुण्यात ऑगस्ट, म्हणजे नदीपात्रात ढोल-ताशांचा सराव. पहिल्या दिवशी इतक्या लांब उभे राहिलो, की ढोल छातीत नाही, नुसता कानात वाजत होता. चिंगीने चिकनचा तुकडा घेतला. खातेय म्हणजे ठीक आहे. दुसऱ्या दिवशी थोडं पुढे गेलो, तर तिने तोंड फिरवलं. मुकाट्याने मागे आलो. ‘होईल सवय’ म्हणून तिथेच उभं राहण्याचा मोह होतो, पण अशाने सवय होत नाही, धास्ती बसते. (हे आईला पटायला आठवडा लागला. तिने आम्हाला पोहायला विहिरीत ढकलून शिकवलं आहे.)

पंधरा दिवसांनी ताशा कडकडत असताना चिंगी पिशवीत चक्क झोपली. मी विजयी मुद्रेने घरी आलो, तिला खाली ठेवलं. दारामागे बाबांचा रेनकोट खुंटीला लटकत होता. तिने त्याच्याकडे पाहिलं, एकदा भुंकली, आणि सोफ्याखाली गेली.

रेनकोट आता जमिनीवर पसरून ठेवलाय, वर चिकनचे तुकडे. बाबा छत्री घेऊन गेलेत.