दोन प्रोबमधली फेज : माझा अनुभव

आरगॉन प्लाझ्मातल्या ड्रिफ्ट लाटेची (घनतेच्या उतारामुळे उठणारी लाट) तरंगलांबी काढायला दोन लँगम्यूर प्रोब (प्लाझ्मात खुपसलेल्या, प्रवाह मोजणाऱ्या तारा) पुरतात. कागदावर. प्रोब बनवणं (0.5 मिमी टंगस्टन तार, सिरॅमिक नळीबाहेर 4 मिमी) आणि प्लाझ्मा पेटवणं यात अडण्यासारखं काही नाही. घोडं अडलं ते फेजवर, म्हणजे एक सिग्नल दुसऱ्याच्या किती अंश मागे आहे यावर.

दोन्ही प्रोब उणे 70 व्होल्टवर, एकाच त्रिज्येवर, 15 मिमी अंतराने. चुंबकीय क्षेत्र 0.1 टेस्ला, इलेक्ट्रॉन तापमान 4 इलेक्ट्रॉनव्होल्ट. या हिशेबाने लाट साधारण 16 सेंमीची, 7 किलोहर्ट्झच्या आसपास, आणि फेज 34 अंश यायला हवी. आली शून्य. कोहेरन्स (दोन सिग्नल एकमेकांशी किती जुळतात, कमाल 1) मात्र 0.98! इतका देखणा कोहेरन्स दिसला की आधी संशयच घ्यावा. स्पेक्ट्रम ताणून पाहिला, तर शिखरं नेमकी 300, 600, 900 हर्ट्झवर, आणि त्यांची पोरंबाळं थेट 10 किलोहर्ट्झपर्यंत. 50 गुणिले सहा : चुंबकाच्या थ्री-फेज रेक्टिफायरचा रिपल, म्हणजे एसीची डीसी करताना उरलेली थरथर.

फिलामेंट आणि गॅस बंद केला, चुंबक चालू ठेवला. शिखरं जागच्या जागी, म्हणजे प्लाझ्माचा संबंधच नाही. (ती गेली असती, तर रिपल खरोखरच प्लाझ्मा हलवतोय असा अर्थ निघाला असता. ते दुखणं वेगळं.) दोष केबलच्या शील्डचा. एकदा प्लाझ्मा-पात्राच्या फ्लँजवर अर्थिंग, पुन्हा उपकरणांच्या रॅकवर अर्थिंग, आणि मधलं भलंमोठं वेटोळं रिपल पकडत बसलेलं. फ्लँजकडचा बीएनसी (केबलचा जोड) नायलॉन वॉशर घालून इन्सुलेट केला, शील्ड फक्त रॅकवर जोडली, दोन्ही केबली एकत्र बांधून नेल्या. शिखरं बसली. एवढा खटाटोप कशासाठी, तर एका नायलॉन वॉशरसाठी!

आता फेज आली 25 अंश. 9 अंश कुठे गेले? प्रवाह जेमतेम 0.2 मिलिअँपिअर, म्हणून सिग्नल मोठा दिसावा या हव्यासाने शंट (प्रवाहाचं व्होल्टेज करणारा रोधक) 10 किलोओमचा लावलेला. केबली 10 आणि 6 मीटरच्या, त्यांची कपॅसिटन्स मीटरला 100 पिकोफॅरड. लांब केबलचा सिग्नल तेवढा मागे पडतो. शंट 1 किलोओमचा केला की चूक एका अंशावर येते. सिग्नल 0.2 व्होल्टचा उरतो, पण तो चालतो.

हो, आणि दोन्ही प्रोबची टोकं एकाच चुंबकीय क्षेत्ररेषेवर नकोत. एकाची सावली दुसऱ्यावर पडते.

शेवटची खात्री : प्रोबकडच्या टोकाला केबलींची अदलाबदल करा. खऱ्या फेजचं चिन्ह उलटतं, उपकरणाच्या चुकीचं नाही. दोन्ही मापनांतल्या फरकाचा निम्मा घ्या.