डोलकाठीचं अडकलेलं टोक अखेर निघालं

गेल्या नोंदीत ‘टोक तसूभरही हलत नाही’ एवढंच लिहून थांबलो होतो. त्यानंतर चार रविवार गेले. काल संध्याकाळी ते बाहेर आलं, आणि फायबरला कुठेही तडा नाही!

माझ्या होबी १६ ची, म्हणजे दोन सांगाड्यांच्या छोट्या शिडाच्या बोटीची, डोलकाठी खाली अ‍ॅल्युमिनियमची आणि वर फायबरग्लासची आहे. फायबरग्लासमधून वीज वाहत नाही. काठी उभी ठेवून बोट ढकलत नेताना वरच्या तारांचा धोका असतो, त्यासाठी हे टोक. त्यामुळे ते कापून टाकून अख्खी अ‍ॅल्युमिनियमची काठी करावी, हा सल्ला मी कधीच मानणार नाही. टोक काढायचं होतं ते सांध्यातून पाणी झिरपतं म्हणून. बोट आडवी झाली की हवाबंद काठी पाण्यावर तरंगते आणि बोटीला पूर्ण पालथी होऊ देत नाही. मागच्या दोन्ही वेळा माझी पालथी झाली, आणि किनाऱ्यावर आणल्यावर काठीतून पाण्याची धार लागली.

पहिला रविवार टोक काठीला धरून ठेवणारी रिव्हेटं (धातूचे खिळे) काढण्यात गेला. आधीच्या मालकाने स्टेनलेसची रिव्हेटं मारली होती. खाऱ्या पाण्यात स्टेनलेस आणि अ‍ॅल्युमिनियम एकमेकांना टेकले की अ‍ॅल्युमिनियम गंजतं. ती पांढरी भुकटी मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते आणि सांधा पाचरीसारखा घट्ट करते. रिव्हेट काढताना आधी मधली खीळ बारीक पंचने आत ठोकून घ्या, मगच ड्रिल लावा. पहिल्या रिव्हेटला मी ते केलं नाही. कडक खिळीवरून ड्रिल घसरलं आणि शेजारच्या मऊ अ‍ॅल्युमिनियमवर ओरखडा उठला. ४.८ मिमीच्या रिव्हेटांना ५ मिमीचं ड्रिल पुरलं. फायबरग्लासमधून उडणाऱ्या काचेच्या धुळीमुळे मास्क काढलाच नाही.

दुसऱ्या रविवारी ओढाओढ. बुंधा खांबाला बांधला, टोकाला दोराची घट्ट पकड घेतली आणि रॅचेट पट्ट्याने ताण दिला. दोर इतका ताणला गेला की शेजारी उभं राहायची भीती वाटली, म्हणून सोडून दिलं. पिळून सैल करावं म्हटलं तर काठीचा छेद गोल नाही, थेंबासारखा आहे. त्यामुळे सरळ रेषेत ओढण्याला पर्याय नाही.

मग उष्णता. गॅसची ज्योत मी लावली नाही. सांध्यातला खोलीच्या तापमानाला घट्ट झालेला इपॉक्सी गोंद साधारण ५० ते ७० अंशांना मऊ पडू लागतो, म्हणजे १०० अंशांचं उकळतं पाणी त्याला भरपूर झालं. ज्योतीने मात्र फायबरचं रेझिन जळतं आणि अ‍ॅल्युमिनियमची ताकदही जाते. शिवाय अ‍ॅल्युमिनियम दर अंशाला लांबीच्या दर दहा लाखांमागे २३ भाग वाढतं. ७० मिमी रुंदीला ५० अंशांची वाढ दिली की सुमारे ०.०८ मिमी, कागदाच्या जाडीएवढी. फायबर त्याहून कमी वाढतं, पण आतलं फायबर तापायच्या आतच ही फट वापरायला हवी. म्हणून सांध्याला जाड टॉवेल गुंडाळून किटलीतलं पाणी झटपट ओतायचं आणि लगेच ओढायचं.

ओढण्यासाठी नवं साधन केलं. काठीच्या आकारात कोरलेले दोन लाकडी शिकंजे, आतून रबर, एक अ‍ॅल्युमिनियमवर आणि एक टोकावर. दोन्ही बाजूंना आट्यांचे दांडे, नट फिरवले की शिकंजे एकमेकांपासून दूर ढकलले जातात. दोन्ही नट आळीपाळीने पाव-पाव फेरा, नाहीतर टोक तिरकं होऊन आणखी घट्ट बसतं. तिसऱ्या रविवारी तीन किटल्या ओतल्या. रबर घसरलं, टोक जागचं हललं नाही.

चूक काल सापडली. शीड ज्यात सरकवतात त्या काठीवरच्या खोबणीच्या कडेला रंगाखाली एक किंचित उंचवटा होता. खरवडला तर पुटी, आणि पुटीखाली अजून एक रिव्हेट! तीन आठवडे मी त्या एका रिव्हेटाशी झगडत होतो. ते काढून दुसरी किटली ओतली, नट पाव फेरा फिरवला आणि ‘टक्’ असा आवाज आला. दोन मिमी सरकलं. त्यानंतर किटली आणि नट असं करत अर्ध्या तासात पूर्ण बाहेर. तुमचा सांधा अडला असेल तर ओढण्याआधी रंग खरवडून कडेने हाताचं बोट फिरवून बघा.

अडकलेले सांधे सैल करायचं भेदक तेल मी अजिबात मारलं नाही. पुन्हा चिकटवताना तेलकट पृष्ठभागावर काहीच धरत नाही.

आतला इपॉक्सी एका बाजूला जाड होता आणि दुसऱ्या बाजूला नव्हताच, पाणी तिथूनच शिरत होतं. आता दोन्ही पृष्ठभाग घासून अ‍ॅसिटोनने पुसायचे आणि गोंद न लावता एकदा बसवून बघायचं. वरची आणि खालची खोबण एका रेषेत आली नाही तर शीड सांध्यावर अडकेल. खोबणीत शिडाच्या कडेच्या दोराचा तुकडा वरखाली सरकवून हे तपासणार आहे. नवी रिव्हेटं मात्र अ‍ॅल्युमिनियमचीच.