ओकायामाच्या शाळेत एक वर्ष : पुढे जाणाऱ्यांसाठी टिपण

सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान पाहिलेल्याला जपानमधलं ओकायामा शहर नावाने तरी ओळखीचं असतं. ते उद्यान ज्या कोराकुएनवरून बेतलं, ती बाग ओकायामात, किल्ल्यासमोर नदीपलीकडे आहे. एक्स्चेंजवर, म्हणजे विद्यार्थी-देवाणघेवाणीत, तिथल्या शाळेत जाणाऱ्याच्या वाट्याला मात्र बागेपेक्षा सायकल, चपला आणि डबा जास्त येतो.

कान्साई विमानतळावर इमिग्रेशनच्या खिडकीपाशीच झाइर्यू कार्ड, म्हणजे रहिवासी ओळखपत्र, हातात मिळतं. सर्टिफिकेट ऑफ एलिजिबिलिटी, म्हणजे जपानच्या इमिग्रेशनचा पात्रतेचा दाखला, तिथे दाखवायचं असतं, म्हणून ते पासपोर्टसोबत ठेवा, चेक-इन बॅगेत नको. मोठी बॅग विमानतळावरच ताक्क्युबिनच्या, म्हणजे सामान घरपोच करणाऱ्या सेवेच्या, काउंटरवर सोपवावी. ती साधारण दुसऱ्या दिवशी घरी पोचते, तेव्हा एका दिवसाचे कपडे पाठीवर असू द्या. हारुका गाडीने शिन-ओसाका सुमारे ५० मिनिटं, पुढे शिनकानसेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, ओकायामा पाऊण तास.

राहत्या पत्त्याची नोंद १४ दिवसांत महापालिकेच्या कचेरीत करावी लागते. त्याच फेरीत राष्ट्रीय आरोग्य विमाही उरकतो. तीन महिन्यांहून जास्त मुक्काम असेल तर तो सक्तीचा आहे, आणि मग दवाखान्याच्या बिलातला ३० टक्के भागच आपल्याला भरावा लागतो. रोटरीच्या कार्यक्रमात वर्षभरात कुटुंबं बदलतात, आणि प्रत्येक बदलानंतर पुन्हा १४ दिवसांची मुदत लागते. गडबडीत विसरायला होतं ते हेच.

शहर सपाट, त्यामुळे शाळेत सायकलने जाणारी मुलं खूप. सायकलची चोरीविरोधी नोंदणी सक्तीची आहे. कुणाची जुनी सायकल मिळाली तर नोंदणी आपल्या नावावर करून घ्या, नाहीतर पोलिसाने हटकलं की ती चोरीची नाही हे तोडक्या जपानीत पटवत बसावं लागतं. डबलसीट नाही, एका हातात छत्री नाही, मोबाइल नाही. ओकायामाचा खास धोका म्हणजे रस्त्याकडेचे शेतीच्या पाण्याचे पाट. पुष्कळ ठिकाणी त्यांना कठडा नाही आणि अंधारात कड दिसत नाही. शाळेच्या क्लबवरून उशिरा परतताना दिवा लावाच आणि ओळखीची वाट सोडू नका.

शाळेच्या दारात बूट खणात ठेवून उवाबाकी, म्हणजे आतल्या चपला, घालायच्या. व्यायामशाळेचे बूट वेगळे. मापं सेंटीमीटरमध्ये असतात. पाऊल २८ च्या पुढे असेल तर साध्या दुकानात बूट मिळणं कठीण, ते इथूनच न्या. घरात संडासाच्या सपाता संडासातच सोडायच्या. त्या घालून बैठकीत येण्याची चूक जवळजवळ प्रत्येक नवखा एकदा करतो, आणि घरचे हसून सोडून देतात.

तास साधारण ५० मिनिटांचे, दिवसाला सहाच्या आसपास. शिपायाची वाट न बघता मुलंच वर्ग झाडतात. पहिले दोन-तीन महिने वर्गात फारसं कळत नाही, हे धरूनच चाला. एन-५, म्हणजे जपानी भाषेच्या परीक्षेची पहिली पायरी, पास झालेल्यालाही इतिहासाच्या तासाला कांजीची, म्हणजे चिनी चित्राक्षरांची, भिंत लागते. निघण्याआधी हिरागाना आणि काताकाना या दोन जपानी लिप्या पक्क्या करा. रोमन लिपीवर विसंबलेल्याला फळाही वाचता येत नाही.

भाषा खरी यायला लागते ती बुकात्सुत, म्हणजे शाळेनंतरच्या क्लबात. रोज तेच सोबती आणि त्याच सूचना, त्यामुळे शब्द आपोआप बसतात. बेसबॉलसारखे क्लब रविवारही खातात. क्युदो (धनुर्विद्या), शोदो (सुलेखन) किंवा चहाविधी नवख्याला सोसतात. न कळवता गैरहजर राहणं मात्र फार वाईट दिसतं. ‘देएरेए’ कानावर पडलं की घाबरू नका. ‘खूप’ या अर्थाचा तो ओकायामाचा बोलीशब्द आहे, पुस्तकात सापडणार नाही.

आता शाकाहाऱ्यांचं. हायस्कूलमध्ये सहसा शाळेचं जेवण नसतं. घरून बेंतो, म्हणजे डबा, नाहीतर शाळेच्या दुकानातला पाव. ‘बेजितारियन’ म्हटलं की लोक मांस टाळतात, पण मासा आणि दाशी राहते. दाशी म्हणजे स्वयंपाकात वापरायचं सारासारखं पाणी, ते बहुधा कात्सुओबुशीचं, म्हणजे सुक्या माशाच्या किसाचं. मिसो सूप, भाजीचा रस्सा, अंड्याची वळकटी, नात्तोसोबतची (आंबवलेल्या सोयाबीनसोबतची) सॉसची पुडी, सगळीकडे ती असते. करीच्या वड्यांत बहुधा गाय-डुकराची चरबी. त्यामुळे ‘मी शाकाहारी’ एवढं पुरत नाही. काय खाता आणि काय नाही याची यादी जपानीत लिहून पहिल्याच दिवशी होस्ट आईला द्या, आणि दाशी कोम्बुची, म्हणजे समुद्री शेवाळाची, चालेल हेही लिहा. अडचण सोडवणारी ओळ तीच. दाशीपुरती तडजोड करणार की नाही, ते घरून ठरवूनच निघा. रोज वेगळं रांधायला लावणं कुणालाच झेपत नाही. गोडा मसाला न्या. आंबे नकोत, ताजी फळं विमानतळावरच काढून घेतात.

आंघोळीला टबाबाहेर बसून साबण पूर्ण धुवायचा आणि मगच पाण्यात उतरायचं. तेच पाणी सगळ्यांसाठी असतं, म्हणून बूच काढू नका, वर झाकण घाला. डोक्याला खोबरेल असेल तर आधी केस धुवा. पाण्यावर तवंग आला की पुढच्याची आंघोळ गेली.

वीज १०० व्होल्ट. चार्जरवर १००–२४० लिहिलेलं असेल तर चालतो, आपली किटली चालत नाही. खाचा दोन चपट्या पिनांच्या, लॅपटॉपच्या तीन पिनांना अडॅप्टर लागतो. कोडीनचं खोकल्याचं औषध आणि स्यूडोएफेड्रिनच्या सर्दीच्या गोळ्या घरीच ठेवा, कायद्याने अडचण होते. नेहमीची औषधं महिनाभराची चालतात. जास्त न्यायची तर आधी परवानगी काढावी लागते.

तिथलं शालेय वर्ष एप्रिल ते मार्च. अकरावीचं काय होणार, हे इथल्या कॉलेजकडून जाण्याआधीच लेखी घ्या, आणि परतताना शाळेकडून हजेरी-गुणांचा इंग्रजी दाखला मागा; सुट्टी लागल्यावर तो मिळवणं त्रासाचं. निघण्याआधी महापालिकेत स्थलांतराची नोंद करून विम्याचा हिशेब मिटवायचा आणि सायकलची नोंदणी रद्द करायची. झाइर्यू कार्ड विमानतळावर परत द्यावं लागतं. आठवण म्हणून हवं असेल तर मागून बघा, बहुधा भोक पाडून देतात.