टेप लावल्याशिवाय सही नाही

रामटेक तालुक्यात देवलापारच्या पुढे, पेंचच्या जंगलाला लागून गोंडांची गावं आहेत. नागपूर शहर पेंचचं पाणी पितं. इथल्या बाया मात्र वर्षानुवर्षं हापशीवर रांग लावत आल्या. 2019 मध्ये जलजीवन मिशन आलं, माणशी रोज 55 लिटर पाणी नळाने द्यायचं ठरलं. टाक्या उभ्या झाल्या. पण काम संपलं की ठेकेदार जातो, आणि पाईप कुठून गेलाय, व्हॉल्व्ह कुठे पुरलाय ही माहितीही त्याच्या माणसांसोबत जाते. मग पंपाचा साधा स्टार्टर जळाला तरी गाव कोरडं.

म्हणून आम्ही गावच्याच पोरापोरींना नागपुरात बोलावून शिकवतो: स्टार्टर उघडणं, पीव्हीसी जोडणं, पाणी शुद्ध करायच्या टीसीएल (ब्लीचिंग) पावडरचा हिशेब, पाण्यात क्लोरीन उरलंय का ते बघायची ओटी टेस्ट. मी हट्टाने त्यात अंदाजपत्रक वाचणंही घातलं. पाना धरणारे मिळतात. कागद उघडून ठेकेदाराला प्रश्न विचारणारं माणूस गावात हवं.

उन्हाळ्यात अशाच एका गावात योजना ग्रामपंचायतीच्या ताब्यात द्यायची होती. नळाला धो धो पाणी, सरपंचांच्या हातात पेन. तेवढ्यात आमच्याकडे शिकून गेलेली एक मुलगी उठली. बारावी झालेली, आई तेंदूपत्ता तोडणारी.

"सरपंच काका, थांबा न जी. पाईप किती खोल गाडला ते पाह्यचं हाय."

"पाणी तं येऊन राह्यलं न," ठेकेदाराचा सुपरवायझर म्हणाला.

"आज येऊन राह्यलं. कागदात 90 सेंटीमीटर लिवलं हाय."

सरपंच घुटमळले. शाखा अभियंता माझ्याकडे बघायला लागले. मी मुद्दाम बोललो नाही, कारण मी तोंड उघडलं असतं तर तो माझा आक्षेप झाला असता. ती मागे वळून बायांशी गोंडीत काही बोलली. दोघी जणी फावडी घेऊन आल्या.

तीन ठिकाणी खोदलं. देवळाजवळ बरोबर निघालं. शाळेपाशी 60. आणि जिथून रोज ट्रॅक्टर जातात त्या वळणावर 45. तिने तिन्ही आकडे वहीत मांडले, अभियंत्यांनी तेच पंचनाम्यात घेतले. सही झाली नाही, बिल थांबलं.

मला खरा धक्का नंतर बसला. अभियंत्यांनी व्हॉल्व्हचा नकाशा मागितला, सुपरवायझरकडे तो नव्हता. तिच्याकडे होता! खोदकाम चालू असताना ती रोज लाईनीवर जाऊन बसायची आणि मोहाचं झाड, कोणाचा गोठा, कोणाची विहीर अशा खुणांपासून पावलं मोजून तिने सगळे व्हॉल्व्ह कागदावर मांडले होते. हे मी तिला शिकवलं नव्हतं.

पाईप पुन्हा गाडला गेला, ती उभी राहून मोजत होती. आता शेजारच्या गावांतूनही तिला बोलावणं येतं. अडचण तिच्या मानधनाची आहे. नागपूर जिल्हा अनुसूचित क्षेत्रात नसल्यामुळे पेसाच्या, म्हणजे आदिवासी ग्रामसभांना जादा अधिकार देणाऱ्या कायद्याखालच्या, गावांना मिळणारा 5 टक्के अबंध निधी (गावाने स्वतः ठरवून खर्चायचा पैसा) इथे येत नाही. ग्रामसभेने पाणीपट्टीतून मानधन द्यायचा ठराव केलाय, पण वसुली जेमतेम आहे. बुटीबोरीच्या एका कारखान्याने तिला नोकरी देऊ केली आहे. तिने अजून होकार दिलेला नाही, म्हणून या महिन्यात आम्ही आणि सरपंच मिळून घरोघरी पाणीपट्टी मागायला निघालो आहोत.